सीलबंद बाटलीत दुसऱ्याचं प्रोटीन

मार्चअखेर आली की ग्रँट संपवायची घाई असते, आणि डीलरांचे फोन नेमके तेव्हाच वाढतात. आमच्या पुण्यातल्या लॅबने निकेल-एनटीए रेझिनची (प्रोटीन वेगळं काढायला वापरतात ते निकेल लावलेले बारीक मणी) 100 मिलीची बाटली अशीच घेतली. सर्वांत कमी कोटेशन, नावाजलेल्या परदेशी कंपनीचं लेबल, वर "स्टॉकमध्ये आहे मॅडम, परवा पोचवतो." एरवी या मालाला आठवडेच्या आठवडे लागतात.

रंग हवा तसा निळा-हिरवा होता. पण रंगाचं काय, तो परत आणता येतो. वापरलेलं रेझिन ईडीटीएने, म्हणजे धातू ओढून घेणाऱ्या रसायनाने, धुतलं की निकेल निघून ते पांढरं पडतं. निकेल सल्फेट सोडलं की पुन्हा निळं. आपलं रेझिन असं सगळेच वापरतात. दुसऱ्याचं उष्टं नवं म्हणून विकणं ही मात्र चोरी.

आमचं हिस-टॅगवालं, म्हणजे निकेलला धरणारी शेपटी जोडलेलं, प्रोटीन 28 किलोडाल्टन वजनाचं. इमिडाझोलने (निकेलवरून प्रोटीन सोडवणारं रसायन) उतरवलं की जेलवर, जिथे प्रोटीनं वजनानुसार पट्ट्यांत वेगळी होतात, त्याच्यासोबत 45च्या आसपास एक ठसठशीत बँड यायचा. आधी संशय ई. कोलायवर, म्हणजे ज्या जिवाणूत प्रोटीन बनवतो त्याच्यावर, गेला; त्याची स्लायडी, अर्नए ही प्रोटीनं निकेलला चिकटतात, हे जुनंच दुखणं. पण वजनं जुळेनात. शेवटी आमच्या सीनियर ताईने कोरा रन लावला. लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस) न घालता ताज्या रेझिनवर 500 मिलिमोलर इमिडाझोल सोडलं, मग ईडीटीए, आणि दोन्ही जेलवर चढवलं. बँड हजर! ज्या रेझिनने आमचं काही पाहिलंच नव्हतं, त्यातून प्रोटीन निघत होतं.

मग बाकीचंही तपासलं. लेबलवर 50 टक्के स्लरी, म्हणजे निम्मं रेझिन, निम्मं द्रव. सिलिंडरमध्ये रात्रभर ठेवल्यावर रेझिन जेमतेम एक तृतीयांश बसलं. वरचं द्रव रंगहीन हवं, ते हिरवट होतं, म्हणजे निकेल सल्फेट नीट धुतलंसुद्धा नव्हतं. लॉट नंबर कंपनीला कळवला, तर तो 25 मिलीच्या पॅकचा निघाला आणि डीलर त्यांच्या यादीतच नाही.

डीलरचं उत्तर: "तुमच्याच लॅबमध्ये कंटॅमिनेशन झालं असेल." बिल तोवर पास झालेलं.

म्हणून कोरा रन आणि लॉटची खात्री झाल्याशिवाय बिलावर सही करू नका, मार्च असला तरी. रिकाम्या बाटल्या टाकताना लेबल खरवडा. असल्या मालाला अस्सल बाटली कुठून तरी मिळतच असणार.

यंदा पुन्हा सर्वांत कमी दराचं कोटेशन आलंय. फर्म वेगळी, लेटरहेड नवं. मोबाइल नंबर तोच.