टेबलटॉप ग्राइंडर: पावसाळा-हिवाळा वापरल्यावर

स्वयंपाकघरात आलेली वस्तू ओट्यावर राहणार की माळ्यावर जाणार, हे आमच्याकडे ती धुवायला किती जीव खाते यावर ठरतं. या हिशेबानं इडली-डोशाचं पीठ दळायचा दोन लिटरचा ग्राइंडर महिन्याभरात माळ्यावर जायला हवा होता. दहा किलोच्या वर वजन, आत दोन जड दगड, आणि पीठ जिथं बोट पोचत नाही नेमकं तिथं चिकटलेलं. तरी तो अजून ओट्यावरच आहे.

आमच्या घरी सकाळचा स्वयंपाक माझ्याकडं. ही खानापूरला नोकरीला जाते, डबा लवकर भरावा लागतो. माझी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली पाळी दुपारची. आठवड्यातनं दोनदा इडली किंवा डोसा, एकदा आंबोळी. आधी हे सगळं मिक्सरवर चालायचं. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, भांडं तापतं, पीठ कोमट होतं आणि उडीद नुसता बारीक कापला जातो. ग्राइंडरमधले दगड सावकाश रगडतात आणि पिठात हवा कोंडते. थोडं थोडं गार पाणी शिंपडत पंचवीस-तीस मिनिटं फिरवलं की उडीद कापसासारखा फुगून वर येतो. तेवढ्याच डाळीत पीठ जास्त निघतं, हे आईनं सर्वांत आधी ओळखलं. "आता वाटीभर डाळ कमी घाल की," म्हणाली.

विजेची धास्ती होती, ती हिशेब केल्यावर गेली. १५० वॅटची मोटर अर्धा तास चालली तर ०.०७५ युनिट. ७५० वॅटचा मिक्सर थांबत थांबत आठ मिनिटं चालला तरी ०.१ युनिट होतं.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. बेळगाव अडीच हजार फुटांवर; जुलै-ऑगस्टात रात्री अशी गार हवा असते की पीठ सकाळी होतं तसंच पातेल्यात बसलेलं. त्यात ग्राइंडर काही करू शकत नाही. शेजारच्या अक्कांनी सांगितलेला उपाय चालला: भिजवताना चमचाभर मेथी, मीठ आधीच घालून पीठ हातानं फेटायचं, आणि पातेलं मोठ्या कुकरमध्ये कोमट पाण्यात ठेवून झाकण नुसतं टेकवायचं. उन्हाळ्यात उलट, दळताना पाणी फ्रिजमधलं घ्या, नाहीतर पहाटे ओटा पुसत बसाल.

नवीन आणल्यावर पहिल्याच दिवशी खायचं पीठ दळू नका. दगडाची कच निघून जाईपर्यंत कोंडा नाहीतर जुना भिजवलेला तांदूळ दोन-तीनदा फिरवून टाकून द्या. रिकामा फिरवू नका, दगडावर दगड घासतो. पीठ घट्ट झालं की पट्टा घसरतो आणि ड्रम अडतो. मोटर बिघडली म्हणून घाबरायचं कारण नाही, पळीभर पाणी घाला. धुण्याचं म्हणाल तर पीठ काढल्याबरोबर ड्रममध्ये पाणी घालून मिनिटभर चालवतो, ते पांढरं पाणी पिठातच जातं. वाळू दिलं तर मात्र ब्रश घेऊन बसावं लागतं.

सोबत नारळ खवायचा आणि कणीक मळायचा जोड मिळतो. दोन्ही खोक्यातच आहेत. दगड काढा, जोड बसवा, परत काढून धुवा, तेवढ्यात विळीच्या खवणीवर दोन नारळ होतात. दोरी ओढायचा चॉपरही मध्यंतरी घेतला होता. कांद्याचं पाणी करतो, पोह्याला चालतो, झुणक्याला नाही.

डोशासाठी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवाही याच सुमारास आला, ऑनलाइन. गल्लीत निम्मी माणसं बीड ओतायच्या फौंड्रीत कामाला आणि तवा कुरिअरनं, यावर मित्रांनी यथेच्छ हसून घेतलं. तवा उत्तम आहे. उशिरा तापतो, पण तापल्यावर एकामागोमाग डोसे त्याच रंगाचे निघतात. रोज तेलाचा हात फिरवायचा आणि चिंच-कोकमाचं काही त्यावर करायचं नाही, आंबटानं तेलाचा थर जातो. जोंधळ्याच्या भाकरीला मात्र जुना पातळ लोखंडी तवाच. भाकरीला आच भरभर कमी-जास्त करावी लागते, बीड तेवढं ऐकत नाही.

ग्राइंडर कुणी घेऊ नये? ज्यांच्याकडे महिन्यातनं एकदाच डोसा होतो त्यांनी, आणि ज्यांच्या ओट्यावर कायमची जागा नाही त्यांनी. रोज कपाटातनं उचलून काढायची ही वस्तू नव्हे. दोघंच असाल तर सव्वा लिटरचा पुरे. दुकानात गेल्यावर दगड स्वतः काढून-बसवून बघा, आणि पट्टा इथं बाजारात मिळतो का ते पैसे द्यायच्या आधी विचारा.