फुकटच्या ४ टिपा आणि माझे १,२८० डॉलर

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, लाज वाटते हो, पण परवा ऑफिसातल्या एका नवीन पोराच्या मोबाईलवर अगदी तसलाच "फुकट टिपा देतो" वाला मेसेज दिसला म्हणून लिहितोच. मी न्यू जर्सीत असतो, आयटीत, बास्केटबॉल आयुष्यात खेळलेलो नाही, शाळेत खो-खो आणि गल्लीत क्रिकेट एवढाच आपला खेळ. इथे राज्यांना खेळांवरचा सट्टा सुरू करायला मनाई करणारा जुना कायदा होता तो २०१८ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केला (ती केस आमच्या जर्सीनेच लढवली होती) आणि तेव्हापासून टीव्ही लावा नाहीतर स्टेशनवर उभे राहा, जाहिराती त्याच. मी पण रविवारी २० डॉलर लावायचो. त्याचं काही नाही, गेले तर पिझ्झा गेला म्हणायचं.

जानेवारीत एका मेसेजिंग ॲपवरच्या ग्रुपमध्ये घुसलो. तिथल्या माणसाने वेगळा मेसेज करून म्हटलं, भाई तुला ४ पिक (म्हणजे कुणावर लावायचं त्याच्या टिपा) फुकट देतो, पैसे नको, फक्त बघ. कॉलेज बास्केटबॉल. चारही लागल्या. ओळीने चार! मी त्यातल्या दोनच खेळलो, ५०-५० च्या, आणि उरलेल्या दोन का सोडल्या म्हणून स्वतःवरच चिडलो, इथेच खरं तर मासा गळाला लागला होता.

पाचवी पिक विकत. २५० डॉलर, आणि ते पैसे पाठवायच्या ॲपवर "मित्र-परिवार" निवडून पाठव म्हणाला. तसं पाठवलं की नंतर खरेदीची तक्रार करता येत नाही, हे मला नंतर कळलं. पिक काय, तर जर्सीतल्याच एका कॉलेजच्या घरच्या कोर्टवर बाहेरून तगडी टीम येणार, घरची टीम ओळीने ८ मॅच हरलेली, बॉल खेळवणारा मेन खेळाडू जखमी, बाहेरच्या टीमवर मायनस साडेनऊ लाव, डोळे झाकून. म्हणजे नुसतं जिंकून चालत नाही, १० किंवा जास्त पॉइंटने जिंकायला पाहिजे.

आता मजा बघा. माझ्या नेहमीच्या ॲपवर ती मॅच दिसेचना. त्याला विचारलं तर म्हणाला, बघितलंस, इतकी पक्की आहे की त्यांनी लपवून ठेवलीये. आणि मला ते पटलं!! खरं कारण एवढंच की जर्सीच्या कायद्याने जर्सीच्या कॉलेज टीमवर आणि जर्सीत होणाऱ्या कॉलेज मॅचवर बेट घेताच येत नाही, २०२१ ला ही बंदी सैल करायची का यावर मतदान पण झालं होतं आणि लोकांनी नको म्हणून सांगितलं. हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कात उभा राहिलो असतो तर तिथल्या ॲपवर तीच मॅच कायदेशीर खेळता आली असती. पण ते कोण सांगणार, त्याला तर मला त्याच्या लिंकवर न्यायचं होतं. देशाबाहेरून चालणारी साईट, १,००० भर, १,००० बोनस. भरले. १,१०० लावले, जिंकलो तर १,००० मिळणार, नेहमीचाच भाव.

मॅच मी बेसमेंटमध्ये आवाज बंद करून बघितली. २ मिनिटं उरली तेव्हा बाहेरची टीम १५ ने पुढे. मी मनात घरी पैसे पाठवून पण झालो. मग कोचने मुख्य पोरं बसवली आणि वर्षभर बाकावर बसून टॉवेल हलवणारी पोरं आत आली, त्यांना काय पडलंय साडेनऊचं. घरच्या टीमने एक थ्री (लांबून मारलेला ३ पॉइंटचा बास्केट) मारला, फरक १२. यांचे दोन फ्री थ्रो, १४. परत थ्री, ११. आणि शेवटी बझर वाजायच्या आधी एक पोरगा लांबून थ्री मारतोय आणि त्याला अडवायला कुणी हात सुद्धा वर केला नाही, मॅच जिंकलीच होती ना त्यांनी. ८. टीम जिंकली, मी हरलो.

इथपर्यंत नशीब म्हणता येईल. पण सकाळी ग्रुपमध्ये त्याने काय टाकलं, "मायनस साडेसात, पिक लागली", वर हिरवी टिकमार्क आणि खाली लोकांच्या टाळ्या. लाईन, म्हणजे तो पॉइंटचा आकडा, आदल्या रात्री साडेसात होती म्हणे. मला मेसेज आला दुपारी, तेव्हा सगळीकडे साडेनऊ. मी ग्रुपमध्ये एवढंच विचारलं की साडेसात कुणाला मिळाली, तर पाच मिनिटांत ब्लॉक.

त्याच शनिवारी एकांकडे हळदीकुंकू होतं, रथसप्तमीच्या आधीचं, बायका वर आणि आम्ही पुरुष मंडळी नेहमीप्रमाणे खाली तिळाच्या वड्या खात. फिलाडेल्फियाकडून एक मित्र आलेला, तो खुशीत, म्हणे गुरुवारी हजार डॉलर काढले, एक माणूस आहे, देवमाणूस. मोबाईल दाखवला. तोच माणूस, तोच डीपी, आधीच्या चारही पिक सेम, आणि पाचवी त्याच मॅचची, घरची टीम प्लस साडेनऊ, म्हणजे माझ्या बरोब्बर उलटी, ती ९ ने हरली तरी बेट लागते! माझ्या तोंडातली वडी तशीच राहिली.

हिशोब मग मी तिथेच पेपर नॅपकिनवर केला. १,६०० लोकांना मेसेज करा, अर्ध्यांना ही टीम, अर्ध्यांना ती. चुकले त्यांना सोडून द्या. ८००, ४००, २००, चौथ्यानंतर १०० जण उरतात ज्यांनी ओळीने चार बरोबर बघितलेत. त्यांच्याकडून २५० प्रमाणे २५,०००, आणि त्यांनाही परत अर्धे इकडे अर्धे तिकडे. त्याला बास्केटबॉलमधलं काही कळायची गरजच नाही, कदाचित माझ्यापेक्षा कमी कळत असेल. आणि ती "८ मॅच हरलीये" वाली आतली बातमी? ती निकालाचं पान उघडणाऱ्या प्रत्येकाला माहीत होती, साडेनऊ हा आकडाच तिच्यातून आलेला, घरच्या कोर्टचे ३-एक पॉइंट सुद्धा त्यात धरलेले. मी ८ हार परत एकदा मोजत बसलो होतो.

मित्र म्हणाला, अरे पण माझी तर लागली ना. आता त्याच्याशी काय वाद घालणार.

साईटवर माझे ९०० उरले होते, ते काढायला गेलो तर बोनसची अट, भरलेले अधिक बोनस याच्या १० पट खेळा, म्हणजे २०,००० च्या बेट. मी १,१०० केलेल्या, राहिल्या १८,९००. ११० लावून १०० मिळायच्या भावात अंदाजाने खेळणाऱ्याचे दर बेटला साधारण साडेचार टक्के जातात, कारण ५२.४ टक्के बेट लागल्या तरच बरोबरी होते. १८,९०० चे साडेचार टक्के काढून बघा, ८५० च्या आसपास येतात. ९०० काढायला ८५० घालवायचे. अशा लिंकवाल्यांना बऱ्याचदा आणलेल्या गिऱ्हाइकाच्या हरलेल्या पैशातून वाटा मिळतो हे पण नंतर वाचलं, म्हणजे पिक हरली तरी त्याचं भलंच. जर्सीच्या गेमिंग खात्याचा परवानाच नाही त्या साईटला, तेव्हा दाद कुणाकडे मागणार. तुम्हाला कुणी अशी लिंक दिली तर आधी खात्याच्या परवानाधारकांच्या यादीत नाव शोधा, दोन मिनिटं लागतात, मी ती दोन मिनिटं दिली नाहीत.

घरी सांगायचं नव्हतं मला. पण कार्डाच्या स्टेटमेंटवर त्या साईटचं नाव नव्हतं, कुठल्यातरी फुलांच्या दुकानाचं नाव होतं, वर ३ टक्के परदेशी व्यवहाराची फी. बायकोने ते वाचलं, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, १,००० डॉलरची फुलं कुणाला पाठवलीस?

मग सगळं सांगितलं.