जुन्या मशीनवर टॉरेंट: क्यूबिटटॉरेंट ठेवावं की ट्रान्समिशन टाकावं?

लिनक्सच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या डिस्कच्या फाइली) टॉरेंटने, म्हणजे इतरांच्या मशीनवरून तुकड्यातुकड्याने, उतरवून लॅबमधल्या सगळ्यांना वाटायच्या, तर कोपऱ्यातलं दोन कोरचं जुनं मशीन पुरतं. फक्त जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. खोलीच एवढी तापलेली असताना प्रोसेसरवर सतत ताण राहिला, की तो गरम होऊन स्वतःच वेग उतरवतो आणि सगळंच रेंगाळतं. टॉरेंट उतरवायचे दोन प्रोग्राम आहेत, क्यूबिटटॉरेंट आणि ट्रान्समिशन. अशा वेळी हमखास सल्ला मिळतो, ‘क्यूबिटटॉरेंट काढ, ट्रान्समिशन टाक.’

सल्ला अर्धा बरोबर आहे. मशीनला मॉनिटरच नसेल तर ट्रान्समिशनचा डीमन (खिडकीशिवाय मागे चालणारा प्रोग्राम) घ्या. सेटिंग मोजकी, जागा कमी, आणि ब्राउझरमधून चालवता येतो. २०२३ च्या ४.० आवृत्तीत प्रोसेसरचं काम निम्म्यावर आल्याचं त्याचे निर्माते सांगतात, पण ती चाचणी २५,००० टॉरेंटांची होती. आपल्याकडे दहा-वीस चालतात, तिथे एवढा फरक दिसेलच असं धरू नका. मुळात ट्रान्समिशन हलकं वाटतं त्याचं एक कारण साधं आहे: ते इतर मशीनशी एकूण २०० कनेक्शनांवर थांबतं, क्यूबिटटॉरेंट ५०० पर्यंत जातं. तोच आकडा क्यूबिटटॉरेंटमध्ये १५०-२०० वर आणा, बराच फरक तिथेच मिटतो.

समोर बसून काम करणाऱ्याने मात्र क्यूबिटटॉरेंटच ठेवावं, असं माझं मत. फाइल निवडणं, रांग लावणं, शोधणं यात ते फार पुढे आहे. यादी दर दीड सेकंदाला ताजी होते, तो अवधी पाच सेकंद करा आणि काम नसताना खिडकी ट्रेमध्ये टाका.

खरा भार दोन्हीकडे एकाच ठिकाणी असतो, तो म्हणजे यूटीपी, टॉरेंटची डेटा पाठवायची एक पद्धत. दुसरी पद्धत नेहमीची टीसीपी. टीसीपीचं काम कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) उरकतो, त्याला नेटवर्क कार्डाचाही हात लागतो. यूटीपी चालतं यूडीपीवर, म्हणजे एकेक पॅकेट प्रोग्रामलाच हाताळावं लागतं. लाइन १०० एमबीपीएसची असेल तर सेकंदाला नऊ हजारांच्या आसपास पॅकेटं! दोन्हीत यूटीपी बंद करता येतं. पण त्याची किंमत आहे. यूटीपी लाइन भरली की स्वतः मागे सरतं, टीसीपी सरत नाही. त्यामुळे वेगमर्यादा घातली नाही तर त्याच वायफायवर कुणाचा व्हिडिओ कॉल अडकणार, हे नक्की. शिवाय सीजीनॅटमागे (कंपनीने अनेक ग्राहकांना एकच आयपी पत्ता वाटून दिलेला) असाल तर काही पीअर, म्हणजे समोरची मशीनं, यूटीपीनेच सापडतात, ते हातचे जातील. मी आधी कनेक्शन कमी करून पाहीन, भागलं नाही तरच यूटीपीला हात लावीन.

एनक्रिप्शनमध्ये आरसी४ ही पद्धत वापरतात, तेही प्रोसेसरच्याच माथी. ‘सक्तीचं’ केलेलं असेल तर ‘चालेल’ वर आणा. दोन्हीकडे सोय आहे.

उतरलेला तुकडा बरोबर आहे का, हे एसएचए-१ या हॅशने (फाइलच्या ठशाने) तपासतात. ती पडताळणी उतरवताना फारशी जाणवत नाही. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबी, जुना प्रोसेसरही तेवढं सहज उरकतो. जाणवते ती लाईट गेल्यावर. मशीन धाडकन बंद पडलं आणि फाइल पुन्हा तपासायची वेळ आली, की डिस्क देईल त्या वेगाने हॅश सुरू होतं आणि कोर भरून जातो. इथे क्लायंट बदलून काही होत नाही, छोटा यूपीएस लावा.

निर्णयाआधी एकदा टॉप (कोणता प्रोग्राम किती प्रोसेसर खातो ते दाखवणारी लिनक्सची कमांड) उघडून बघा. यादीत सगळ्यात वर टॉरेंट नसून माउंट-एनटीएफएस दिसलं, तर दोष विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमधल्या डिस्कचा आहे. लिनक्सवरचा तो जुना ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर चालतो आणि प्रत्येक लिहिण्याला प्रोसेसर खातो. डिस्क एक्स्ट४ (लिनक्सचा स्वतःचा फॉरमॅट) करा, नाहीतर कर्नल ५.१५ पासून आलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर लावा. विंडोजवर त्याच जागी अँटिव्हायरस दिसतो. फोल्डर त्यातून वगळायचं असेल तर फक्त आयएसओंचं वेगळं फोल्डर वगळा, आणि प्रत्येक फाइलचा चेकसम (निर्मात्याने दिलेला ठसा) जुळवून घ्या.