दाढ काढायची की रूट कॅनाल? हिशेब चावण्यापर्यंतचा

दवाखान्यात दोन आकडे कानावर पडतात. दाढ काढायला थोडके पैसे. रूट कॅनाल आणि कॅपला, म्हणजे दातावर बसवायच्या टोपणाला, त्याच्या कितीतरी पट. घरी कुणीतरी म्हणतंच, 'काढून टाक, कटकट मिटेल.' पण हे आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. एकात दाढ राहते, दुसऱ्यात खड्डा. त्या बाजूने पुन्हा भाकरी चावता येईपर्यंतचा खर्च दोन्हीकडे धरा, मग बोलू.

रूट कॅनालमध्ये दाताची सुजलेली किंवा मेलेली नस कानशीसारख्या बारीक फाइल्सनी काढतात, पोकळी औषधाने धुतात आणि गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरून बंद करतात. नस असते ती मुळातली नळी पुढच्या दाताला बहुधा एकच, दाढेला तीन-चार. वरच्या पहिल्या दाढेतली चौथी तर इतकी बारीक की सहज नजरेतून सुटते. म्हणून दाढेला कधी दोन-तीन बैठका लागतात. दुखण्याची भीती बरीचशी ऐकीव आहे. मात्र खालची दाढ ऐन ठणक्यात असेल तर बधिरतेचं इंजेक्शन कधी कधी पुरेसं लागत नाही. दात आवळून सोसू नका, हात वर करा, आणखी देता येतं. नंतर दोन-चार दिवस चावताना दुखरं वाटतं. नुसत्या अँटिबायोटिकवर सुजलेली नस बरी होत नाही, ठणका फक्त पुढे ढकलला जातो.

खरी गफलत पुढे होते. ठणका थांबला की माणूस कॅपला फिरकत नाही. मीही फिरकलो नाही, आणि दिवाळीत चकली खाताना दाढ उभी चिरली. कीड आणि उपचार मिळून आतून बराच दात गेलेला असतो. उरलेल्या भिंतींवर चावण्याचा जोर येतो. भेग मुळात उतरली की दाढ काढण्यावाचून इलाज नसतो. रूट कॅनालचे पैसे गेले ते गेलेच, वर काढण्याचे वेगळे. त्यामुळे दाढेसाठी 'रूट कॅनाल अधिक कॅप' हा एकच खर्च समजा.

आता काढण्याची बाजू. वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, हे खोटं. तेवढी धास्ती सोडा. पण मोकळ्या जागेकडे शेजारची दाढ हळूहळू कलते, समोरच्या जबड्यातली लांबत येते, फटीत घास अडकतो. जागा भरायची तर काढघालीची कवळी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कंटाळवाणी. ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला पक्का खोटा दात. त्यासाठी शेजारचे दोन दात, धडधाकट असले तरी, घासावे लागतात. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. तो हाडाशी एकजीव व्हायला साधारण 3 ते 6 महिने जातात आणि खर्च बहुतेकदा रूट कॅनाल-कॅपपेक्षा जास्तच होतो. तंबाखू किंवा ताब्यात नसलेला मधुमेह असेल तर इम्प्लांट फसण्याचा धोकाही वाढतो.

तरीही काही दाढा काढाव्यातच: त्रास देणारी अक्कलदाढ, मुळापर्यंत चिरलेली, हाड झिजून पार हललेली. कॅपला पकड मिळायला हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात हवा. म्हणून एक्स-रे समोर ठेवून एकच प्रश्न विचारा, 'कॅप धरायला किती दात उरलाय?' उत्तर मोघम आलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

उलट हाडांच्या ठिसूळपणावर बिस्फॉस्फोनेट औषधं चालू असतील किंवा जबड्याला रेडिएशन झालं असेल, तर दात काढल्यावर हाड भरून न येण्याचा धोका असतो. तिथे शक्यतो रूट कॅनालच बरं. आणि दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

माझं मत विचाराल तर चावण्याचा मुख्य भार घेणारी पहिली दाढ वाचवण्यासाठी थोडी ओढाताण सोसावी. पैशांची अडचण असेल तर मुंबईत नायर दंत रुग्णालय आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, फेऱ्या जास्त पडतात, केसपेपरच्या रांगेसाठी सकाळी लवकर निघावं लागतं.