केसांसाठी पीआरपी: चार सेशन्स झाली, ५ पैकी ३ स्टार

एका फोटोत वरून माझा भांग दिसला आणि पोटात गोळाच आला. पुढची हेअरलाइन जशीच्या तशी, पण भांग एवढा रुंद की लाइट पडला की सरळ कातडी दिसते. बायकांचं बहुतेक असंच होतं, कपाळ मागे सरकत नाही, मधूनच विरळ होत जातं.

तर पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढतात, ट्यूब मशीनमध्ये गरगर फिरवतात, लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा राहतो, त्यातला प्लेटलेट्सवाला भाग सिरिंजमध्ये घेऊन डोक्यात टोचतात, त्यातले ग्रोथ फॅक्टर्स केसांच्या मुळांना कामाला लावतात अशी कल्पना. मूळच मेलेलं असेल तर तिथे काही उगवत नाही, हे आधीच डोक्यात ठेवा.

दुखतं का? हो, दुखतं. मुंगी चावल्यासारखं वगैरे सांगतात ना, ते सोडा. नंबिंग क्रीम लावून पाऊण तास बसवलं तरी कपाळाजवळ टोचताना डोळ्यातून पाणी आलं, मागे टाळूवर त्यामानाने काहीच नाही. आणि सुई आत जाताना कुरकुर असा आवाज येतो, अगदी कानाच्या आत आल्यासारखा, ते कोणीच सांगितलं नव्हतं, मला तर दुखण्यापेक्षा त्याचीच जास्त शिरशिरी आली. दुसऱ्या दिवशी कपाळ सुजलं, दोन दिवसांत उतरलं. आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर आपल्या मनाने घेऊ नका, त्या प्लेटलेट्सच्या कामात आडव्या येतात म्हणून आधी आणि नंतर काही दिवस बंद ठेवायला सांगतात.

महिन्याला एक अशी सेशन्स. पहिल्या दोननंतर शून्य, फणीत तेवढेच केस. तिसऱ्यानंतर कधीतरी भांगाच्या कडेला बारीक बारीक केस उभे दिसायला लागले, तेल लावलं तरी बसेनात, एवढा आनंद मला कशाचाच झाला नव्हता!

आता तक्रार. क्लिनिकने पहिल्याच भेटीत पॅकेज पुढे केलं, ब्लड टेस्ट एकही नाही. बहीण मागे लागली म्हणून दुसऱ्या स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी आधी फेरिटीन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड करायला लावलं, थायरॉइड नॉर्मल, फेरिटीन तळाला! मग आयर्नच्या गोळ्या आणि मिनॉक्सिडिल (केस वाढायचं औषध) सुरू झालं, तोपर्यंत दोन सेशन्स झाली होती. म्हणजे ते बारीक केस नक्की कशाने आले, मला छातीठोक सांगता येणार नाही. आणि डिलिव्हरी किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी जे मूठ मूठ केस जातात ते बहुतेक वेळा आपोआप परत येतात, त्यासाठी लगेच सुया टोचून घेऊ नका गं.

अजून एक, फोटो स्वतः काढा. क्लिनिकने माझा ‘आधी’चा फोटो ओल्या केसांचा काढला, डोक्यावर फ्लॅश मारून, आणि ‘नंतर’चा धुऊन, वाळवून, फुगवलेल्या केसांचा. मी घरी त्याच आरशापुढे, त्याच दिव्याखाली दर महिन्याला काढत होते. फरक आहे, पण त्यांच्या अल्बममध्ये दिसतो त्याच्या निम्मासुद्धा नाही.