बँड लावायचा कशाने? कंपनीचं हत्यार की सुट्या पान्यांची जुळणी

टॉर्कफ्लाइट ७२७ म्हणजे क्रायस्लरचा जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याचा किकडाउन बँड, म्हणजे आतल्या ड्रमला आवळून धरणारा पट्टा, मी आजवर तीनदा लावला. लावायचा म्हणजे त्याचा स्क्रू ठरावीक जोराने आवळायचा, तिथून दोन फेरे उलटा फिरवायचा आणि चेकनटने, म्हणजे स्क्रू जागी पक्का धरणाऱ्या नटाने, तिथेच अडकवायचा. पहिल्या दोन वेळा कंपनीच्या मूळ हत्याराने, तिसऱ्या वेळी कुठेही मिळतील अशा सुट्या पान्यांनी. दोन्ही बाजूंनी बोलायचा थोडाफार हक्क त्यामुळे मिळाला, असं धरून लिहितोय.

मूळ हत्यार हवं असेल तर ते नावाने शोधू नका, नंबराने शोधा. ‘बँड ॲडजस्टिंग टूल’ म्हणून शोधलंत तर भलत्याच गाड्यांचं भंगार समोर येतं. क्रायस्लरच्या हत्यारांचे नंबर ‘सी’ने सुरू होतात, जनरल मोटर्सचे ‘जे’ने. फोर्डचे ‘टी’ने, आणि बहुतेकदा त्यापुढचे दोन अंक म्हणजे ते हत्यार निघाल्याचं साल. ब्रिटिश गाड्यांतल्या बोर्ग-वॉर्नर गिअरबॉक्सची हत्यारं ‘सीबीडब्ल्यू’ या अक्षरांखाली सापडतात. विकणाऱ्याला बहुतेक वेळा ती वस्तू कशाची आहे हेच ठाऊक नसतं, पण लोखंडावर ठोकलेला नंबर त्याने फोटोत दाखवलेला असतो. मधली आडवी रेघ घालून आणि न घालून, दोन्ही प्रकारे शोधा. मला माझा सी-३३८० रेघेशिवाय लिहिलेला सापडला.

सी-३३८० म्हणजे इंच-पाउंडांचा टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा पीळ (टॉर्क) मोजून दाखवणारा पाना, आणि सी-३७०५ म्हणजे त्याच्या तोंडाला लावायचा अडॅप्टर, अडचणीच्या जागी पोचण्यासाठी. वस्तू देखणी आहे, हे कबूल करायला हवं. हातात घेतली की साठ वर्षांपूर्वीच्या कारागिराने जे धरलं तेच आपण धरलंय असं वाटतं, आणि त्या भावनेचे पैसे आपण मोजतोच.

माझ्या घोड्याने पेंड खाल्ली ती त्या अडॅप्टरपाशी. जुन्या मॅन्युअलमध्ये सूचना अशी आहे: अडॅप्टर लावलेला असेल तर ४७ ते ५० इंच-पाउंड, नसेल तर ७२. कारण साधं आहे. अडॅप्टरने रेंचची लांबी वाढते, त्यामुळे स्क्रूवर खरे ७२ पडत असताना काटा मात्र पन्नासच्या आतबाहेर दाखवतो. पहिल्या वेळी माझ्याकडे हत्यार होतं, त्यासोबतचा कागद नव्हता. डोक्यात ७२ पक्कं बसलेलं. अडॅप्टर लावून ७२ पर्यंत आवळलं, म्हणजे स्क्रूवर प्रत्यक्षात शंभराच्या वर गेले. तिथून दोन फेरे उलटे फिरवले, तरी बँड हवा त्याहून घट्टच राहिला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडी किंचित अडखळायला लागली, जणू दोन जण एकच दोरी दोन बाजूंना ओढतायत.

ही चूक माझी, हत्याराची नाही. दुसऱ्या वेळी नीट वाचून ४८ ला थांबलो. पण तेव्हा वेगळंच लक्षात आलं, आणि माझ्यापुरता निकाल त्यानेच लावला. ४७ ते ५० हा आकडा अडॅप्टर रेंचच्या सरळ रेषेत असेल तरच खरा. काटकोनात लावला तर लांबीचा फरकच पडत नाही, वाचन ७२ चं ७२. मधल्या कोनात लावला तर आकडाही मधलाच कुठला तरी. माझ्या गाडीत डावीकडून सायलेन्सरचा पाइप इतका जवळून जातो की अडॅप्टर सरळ बसतच नाही. तो तिरकाच राहतो. पाठीवर झोपलोय, बाहीत तेल उतरतंय, आणि मनात कोनाचा हिशोब चाललाय! कंपनीत हे हत्यार बनवणाऱ्यांच्या गाडीला बहुधा मूळचाच पाइप असावा. माझ्या गाडीचा आधीच्या कुणा मालकाने बदललेला आहे. तुमच्याकडे सगळं मूळचं असेल तर कदाचित ही कटकट होणारही नाही.

तिसऱ्या वेळी चार वस्तू जमवल्या. ५/१६ इंचाची आठ कोनी गोटी (सॉकेट), कारण स्क्रूचं डोकं चौकोनी आहे. बारा कोनी गोटी बसल्यासारखी वाटते आणि नेमकी वेळ आली की कोपरे खाते. लांब एक्स्टेन्शन. चेकनटसाठी पाऊण इंची रिंग पाना. १९ मिलिमीटरचाही चालतो, फरक नखाएवढासुद्धा नाही. आणि पाव इंची चौकटीचा, म्हणजे गोटी बसते ते चौकोनी टोक पाव इंचाचं असलेला, छोटा टॉर्क रेंच. चाकांच्या नटांसाठी घेतलेला मोठा रेंच इथे उपयोगाचा नाही, कारण ७२ इंच-पाउंड म्हणजे जेमतेम ६ फूट-पाउंड, आणि त्याची मापं बहुधा सुरूच होतात त्याच्या वर. सायकलवाल्यांचा न्यूटन-मीटरचा रेंच असेल तर ८.१ वर लावा.

एक्स्टेन्शन स्क्रूच्या अक्षाच्या रेषेत असल्यामुळे ते कितीही लांब असो, आकडा बदलत नाही. ७२ म्हणजे ७२. रेंचचा दांडा पाइपच्या पार बाहेर, मोकळ्या जागेत फिरतो. युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळणारा सांधा) मात्र शक्यतो मध्ये घालू नका, नाहीतर कोनाचा तोच घोळ मागच्या दाराने परत येतो.

सुट्या पान्यांचीही एक खोड आहे, ती लपवत नाही. दोन फेरे मोजून उलटे फिरवले आणि चेकनट आवळायला गेलं की स्क्रू नटाबरोबर थोडा फिरतो. मी रिंग पाना आधी नटावर चढवतो, त्यातून वर आलेल्या स्क्रूवर गोटी बसवून ती एका हाताने घट्ट धरतो आणि मग नट आवळतो. स्क्रूच्या तोंडावर रंगाचा एक ठिपका देऊन ठेवला की तो हलला का ते कळतं. फोर्डच्या जुन्या हत्यारांत नट आणि स्क्रू एकाच वेळी धरायची सोय होती, शिवाय ठरावीक टॉर्कला कट्ट असा आवाज करून सुटणारी मूठ. तुमची गाडी फोर्डच्या सी-४ गिअरबॉक्सवाली असेल, तर माझं म्हणणं थोडं सैल करून घ्या. तिथे मूळ हत्यार शोधण्यात अर्थ आहे.

कुठलंही हत्यार घेतलंत तरी एक काम आधी करा. चेकनट पाचेक फेरे ढिला करून स्क्रू बोटाने फिरतो का ते पाहा. आट्यांत गंज असेल तर रेंच गंजाचा टॉर्क दाखवतो, बँडचा नाही.

बाकीच्या खास हत्यारांबद्दल फार लिहीत नाही. गिअरबॉक्सचा तेलाचा पॅन उतरवल्यावर लाइन प्रेशरची, म्हणजे आतल्या तेलाच्या मुख्य दाबाची, प्राथमिक मांडणी १ ५/१६ इंच मोजून होते, त्याला चांगली पट्टी पुरते. बोर्ग-वॉर्नर ३५ चा पुढचा बँड लावताना सर्व्होच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने बँड आवळणाऱ्या पिस्टनच्या, पिनेपाशी पाव इंची ठोकळा लागतो. एका मित्राच्या गाडीला आम्ही पाव इंची ड्रिलच्या दांड्यावर काम भागवलं, आणि ती गाडी अजून नीट गिअर बदलते. तिथे एककं तेवढी दोनदा वाचा: पुढच्या बँडला १० इंच-पाउंड, मागच्याला १० फूट-पाउंड. बारा पटींचा फरक आहे.

तेलाचा दाब मोजणाऱ्या प्रेशर गेजला मात्र पर्याय नाही. पण तोही कंपनीचाच हवा असं नाही. रिव्हर्सच्या प्रेशरसाठी ३०० पीएसआयपर्यंत वाचणारा कुठलाही चांगला गेज चालतो.

एकच गाडी आणि वर्षातून एखाद वेळचं काम असेल, तर मी आठ कोनी गोटी आणि छोटा रेंच घेईन. सी-३३८० अजून माझ्याकडे आहे, पुसून ठेवलेला. तरीही तुम्हाला तो घ्यायचाच असेल, तर विकणाऱ्याकडून आधी दोन फोटो मागवा: काहीही न जोडता टेबलावर ठेवलेल्या रेंचच्या काट्याचा, शून्यावर आहे की नाही ते पाहायला, आणि पेटीत अडॅप्टर आहे का याचा.