'टेंपल ऑफ शॅडोज': देवाला जाब विचारणारा अल्बम

पॉवर मेटल या हेवी मेटलच्या वेगवान, भव्य उपप्रकारामध्ये तलवारी, देवदूत आणि सैतान यांची कधीच वाण नसते. वाण असते ती विचाराची. ब्राझीलमधील साओ पाउलोच्या 'आंग्रा' या बँडचा २००४ सालचा 'टेंपल ऑफ शॅडोज' म्हणूनच मला या प्रकारातील सर्वांत मोलाच्या अल्बमांपैकी एक वाटतो. गिटारवादक राफाएल बितेनकोर्त यांनी रचलेल्या कथेचा नायक अकराव्या शतकातील एक धर्मयोद्धा आहे. ज्या चर्चसाठी तो शस्त्र उचलतो, त्याच्याच हेतूंविषयी त्याच्या मनात शंका उभी राहते आणि देवाच्या नावाने चाललेला हा रक्तपात देवाला खरोखर हवा आहे काय, हा प्रश्न त्याची पाठ सोडत नाही.

'स्प्रेड युअर फायर'मधील वृंदगान आणि आकिलेस प्रिस्टर यांचे अतिद्रुत डबल बास (दोन्ही पायांनी केलेले) ड्रमवादन श्रोत्याला लगेच ताब्यात घेते. 'द टेंपल ऑफ हेट'मध्ये जर्मन पॉवर मेटलचे एक आद्य शिलेदार काय हान्सेन पाहुणे गायक म्हणून येतात. गाणे जोरकस आहे, पण वेगापलीकडे त्यात फारसे काही नाही. खरी श्रीमंती 'द शॅडो हंटर'पासून जाणवते. नायलॉनच्या तारांवरील स्पॅनिश ढंगाच्या गिटारने ते सुरू होते आणि नायकाची घालमेल त्या सुरांतच उमटते.

अल्बमचा कळस मात्र 'लेट रिडेम्पशन' हाच आहे. मरणाच्या दारात उभा असलेला योद्धा बँडचे तेव्हाचे गायक एदू फालास्की यांच्या आवाजात इंग्रजीतून बोलतो आणि त्याला पोर्तुगीजमधून उत्तर देतात ब्राझीलचे थोर गायक मिल्तोन नासिमेंतो. तोवर देवाविषयी जे काही सांगितले गेले, ते गर्जना करून सांगितले गेले; येथे तो वयस्क, मऊ आवाज कोणताही आव न आणता गातो आणि भाषा न समजणाऱ्यालाही त्यातील क्षमा समजते. त्यानंतर येणारे 'गेट थर्टीन' हे वाद्यवृंदाचे समापन आधीच्याच धून पुन्हा गुंफते. माझ्या मते त्याची गरज नव्हती.

केवळ गीतांवरून कथेचे सगळे दुवे जुळत नाहीत, हा या अल्बमचा खरा दोष आहे. त्यामुळे गीतांचे शब्द समोर ठेवून आणि गाण्यांचा क्रम न मोडता तो सलग ऐकावा. सुटी गाणी ऐकल्यास 'लेट रिडेम्पशन'चा निम्मा परिणाम हरवतो.